अण्णांच्या घड्याळाची चेन घरी लहान करायची असेल तर

तासगावहून तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. अण्णा शाळेतून निवृत्त झाले म्हणून त्यांच्यासाठी स्टीलच्या चेनचं घड्याळ ऑनलाइन मागवलं. हात वर केला की ते कोपराकडे घसरतं, खाली सोडला की तळहातावर येऊन आदळतं. चेनच्या आतल्या अंगाला बारीक बाण दिसले, म्हणून मुलाच्या कंपासपेटीतलं करकटक घेऊन तुम्ही एक पिन ढकलून बघितली. पिन जागची हलली नाही, करकटकाचं टोक मात्र वाकलं. द्राक्षाच्या छाटणीची गडबड असल्याने इतक्यात सांगलीला येणं होणार नाही. मग घरी जमेल का, किती कड्या काढायच्या आणि हत्यार कुठलं घ्यायचं, हे तुम्हाला हवंय.

घरी जमेल, दादा. फक्त करकटक परत पेटीत ठेवा. सांगलीत घड्याळं दुरुस्त करण्यातच माझी उमर गेली. साधी चेन लहान करून द्यायला मला चहा गार व्हायच्या आत होतं. वेळ खातात त्या घरी प्रयत्न करून आणलेल्या चेना. भोकाची कड फाकलेली, स्क्रूची खाच गुळगुळीत झालेली, पिन अर्धी आत मोडलेली. या सगळ्यांमागे कारण एकच सापडतं. पिन कडीत कशाच्या आधाराने बसलीय, हे न बघता जोर लावलेला असतो. म्हणून माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवतीच आहे. आधी नीट बघा, मग हात लावा.

तुमची पिन का हलली नाही तेही सांगतो. करकटकाचं टोक निमुळतं असतं. भोकात थोडं शिरलं की ते पिनेला टेकायच्या आधीच भोकाच्या कडेला अडकतं. मग तुम्ही कितीही दाबा, जोर जातो तो कडीवर. पिन ढकलायला टोकापासून शेवटपर्यंत एकाच जाडीचा, सरळ, बोथट खिळा लागतो आणि तो पिनेपेक्षा जराच बारीक असावा लागतो. दुसरी शक्यता म्हणजे तुम्ही उलट्या बाजूने ढकलत असाल. ते पुढे येईलच.

पण त्याआधी, चेन किती लहान करायची हे ठरवायला अण्णा समोर बसलेले हवेत. दुकानात मुलगा येतो आणि म्हणतो, बाबांचं मनगट साधारण माझ्याएवढंच आहे, तेवढी करून द्या. मी परत पाठवतो. वय झालेल्या माणसाच्या मनगटाची कातडी पातळ असते, हाड वर आलेलं असतं, आणि दिवसभरात हात सुजण्याचं प्रमाणही वेगळं असतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी बरोबर बसलेलं घड्याळ दुपारी तीन वाजता करकचून बसतं. थंडीत पहाटे तेच घड्याळ सैल लागतं. म्हणून माप घ्यायचं ते संध्याकाळी, अण्णा दिवसभराची कामं करून आल्यावर. सकाळी गार पाण्याने आंघोळ झाल्या झाल्या माप घेऊ नका, हमखास एक कडी जास्त काढली जाईल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर चेन घट्ट नकोच, नुसत्या दाबानेही कातडीखाली काळंनिळं होतं.

घड्याळ बसायला हवं ते मनगटाच्या बाहेरच्या, करंगळीकडच्या वर आलेल्या हाडाच्या मागे, म्हणजे कोपराच्या बाजूला. हात खाली सोडला की ते हाडाला टेकून थांबावं, हाडावरून पुढे हाताच्या पंजावर येऊ नये. लॉक लावल्यावर चेन आणि मनगट यांच्यामध्ये करंगळी सहज सरकावी, अंगठा मात्र शिरू नये. काढल्यावर कातडीवर कड्यांचे ठसे दिसले तर घट्ट झालीय. तबकडी आपोआप फिरून मनगटाच्या आतल्या बाजूला जात असेल तर सैल आहे.

अण्णांच्या पिढीतल्या बहुतेकांच्या हातावर आयुष्यभर चामडी पट्ट्याचं एचएमटी होतं. 1961 पासून जपानच्या सिटिझनच्या मदतीने ती घड्याळं बंगळुरूला बनायला लागली आणि पुढची कितीतरी वर्षं मास्तर म्हटलं की हातावर एचएमटी हे ठरलेलंच असायचं. चामडं अंगाबरोबर थोडं ताणतं, घाम शोषतं, म्हणून ती माणसं पट्टा आवळून बांधायची. चेनला हे लागू नाही. स्टील ताणत नाही, आणि चेनसकट घड्याळाचं वजन सव्वाशे-दीडशे ग्रॅमच्या घरात असतं. अण्णा सवयीने म्हणतील, अजून एक कडी काढ. लगेच काढू नका. दोन दिवस तसंच वापरायला लावा, मग विचारा.

आता हिशेब. घड्याळ हातात घालून लॉक बंद करा. हात उताणा करून लॉकजवळ जेवढी चेन जास्त आहे तेवढी चिमटीत धरा, म्हणजे चेन मनगटावर हवी तशी बसेल आणि जास्तीची चेन तुमच्या चिमटीत उभी राहील. त्या उभ्या राहिलेल्या कड्या मोजल्या की काढायचा आकडा मिळतो. पण तो अंदाज आहे. पट्टीने एका कडीची लांबी मोजा, पुरुषांच्या घड्याळात ती बहुधा 7 ते 9 मिमी असते. जास्तीची चेन 20 मिमी असेल आणि कडी 8 मिमीची असेल तर दोन कड्या काढून 16 मिमी जातात. उरलेल्या 4 मिमीसाठी तिसरी कडी काढायची नाही, ते काम लॉकचं.

लॉकच्या बाजूला तीन-चार बारीक भोकांची रांग दिसतेय ना, ती याचसाठी असते. एका भोकातून दुसऱ्यात गेलं की चेन दोन-तीन मिमीने कमीजास्त होते. खरं तर कडी काढण्याआधी हे करून बघावं. कितीतरी लोक कडी काढून घ्यायला येतात आणि नुसतं भोक बदलून त्यांचं काम होतं. या भोकांत स्प्रिंगची पिन असते. ती नळीसारखी असते, आत स्प्रिंग, आणि दोन्ही टोकं दाबली की आत जातात. बाहेरच्या भोकातून टूथपिकने किंवा बोथट सुईने एक टोक आत दाबायचं आणि चेन हलकेच बाजूला सरकवायची. टोक सुटलं की पिन उडते, आणि ती उडाली की घरात सापडत नाही. म्हणून हे काम एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा. दिसतं सगळं आणि उडालेली पिन पिशवीतच पडते. पुन्हा बसवताना पिनेची दोन्ही टोकं समोरासमोरच्या भोकांत गेली आहेत ना, ते बघा. एक टोक दुसऱ्या भोकात आणि एक तिसऱ्या, असं झालं तर चेन तिरकी बसते आणि लॉक नीट बंद होत नाही. बसल्यावर दोन्ही बाजूंनी टक् असा बारीक आवाज येतो, आणि भोकातून पिनेचं टोक डोकावताना दिसतं. तसं दिसल्याशिवाय घड्याळ हातात घालू नका.

एक सूचना. लॉकच्या भोकांत पिन मधल्या भोकात ठेवून मग कड्यांचा हिशेब करा. म्हणजे उन्हाळ्यात एक भोक सैल आणि थंडीत एक भोक घट्ट करायला जागा राहते. दोन्हीकडून उमलल्यासारखं उघडणारं फुलपाखरू लॉक असेल तर त्याला बहुधा ही भोकं नसतात. तशा चेनेत अर्धी कडी असते, ती काढून किंवा ठेवून माप साधावं लागतं.

आता मुख्य गोष्ट, कड्या कशाने जोडल्या आहेत ते ओळखणं. अण्णांच्या वाचायच्या भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून चेनच्या दोन्ही कडा बघा. वरून नाही, बाजूने, चेनच्या जाडीकडून. तिथे प्रत्येक कडीच्या सांध्यावर एक ठिपका किंवा खाच दिसेल.

एका बाजूला नुसता गोल, गुळगुळीत ठिपका आणि दुसऱ्या बाजूला ठिपक्याच्या मधून गेलेली केसासारखी रेघ, असं असेल तर ती चिरलेली पिन आहे. पिनेचं एक टोक मधून दुभंगलेलं असतं, त्याचे दोन भाग पाकळ्यांसारखे किंचित फाकलेले असतात, आणि त्या फाकण्यामुळेच पिन भोकात घट्ट बसते. नेमकी इथेच मोठी चूक होते. ती रेघ बघून माणसाला वाटतं हा स्क्रू आहे, आणि तो पेचकस घालून फिरवायला बघतो. पाकळ्या मोडतात. स्क्रूची खाच रुंद असते, डोक्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली असते, तिला तळ असतो, आणि डोक्याभोवती कडीत एक बसकी वाटोळी जागा कोरलेली असते. चिरलेल्या पिनेची रेघ सुईच्या टोकाएवढी बारीक असते आणि आत खोल अंधारात गेलेली दिसते. भिंगाखाली दोन मिनिटं घालवलीत तर फरक चुकणार नाही. दुसरी खूण बाणाची. आतल्या अंगाला बाण असतील तर बहुधा पिनाच, स्क्रूला बाणाची गरज नसते.

दोन्ही बाजूंना साधे गोल ठिपकेच असतील तर दोन शक्यता. एक, आतमध्ये सरळ पिन आहे आणि ती आपल्या घट्टपणावर बसलीय. दुसरी, पिनेभोवती एक छोटी नळी आहे. ही नळी फार महत्त्वाची, तिच्याकडे पुढे येतो. आणि दोन्ही बाजूंना रुंद खाच दिसत असेल तर दोन्हीकडून स्क्रू आहे. त्याला दोन पेचकस लागतात, एका बाजूने धरायचं, दुसऱ्या बाजूने सोडायचं.

तुमच्या चेनेला बाण आहेत, म्हणजे पिना. बाण ज्या दिशेला आहे त्या दिशेने पिन बाहेर जाते, म्हणजे खिळा लावायचा तो बाणाच्या शेपटीकडून. चिरलेली पिन असेल तर चिरलेलं टोक बाणाच्या अग्राकडे असतं, आणि ते आधी बाहेर पडतं. तुम्ही अग्राकडून ढकलत असाल तर पाकळ्यांनाच आत कोंबत होता, ती का हलेल?

हत्यारांचं सांगतो. पिन ढकलायचं स्क्रूवालं प्लास्टिकचं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं. त्यात चेन ठेवायची, मूठ फिरवायची, आणि सुईसारखं टोक पिनेला ढकलतं. घरच्या कामाला ते चालतं, पण टोक पिनेच्या बरोबर मध्यावर आलंय ना हे प्रत्येक वेळी डोळ्याने बघायचं. जरा तिरकं असलं की टोक वाकतं. फिरवताना घट्ट लागलं तर थांबा, मागे फिरवा, रांग पुन्हा जुळवा. जोराने फिरवत गेलं की टोक मोडतं आणि मोडलेला तुकडा भोकात अडकतो.

मला स्वतःला ठोकणी आणि छोटी हातोडी जास्त भरवशाची वाटते. ठोकणी म्हणजे मुठीला लावलेला सरळ खिळा, पिनेपेक्षा जराच बारीक. चेन धरायला तुम्हाला विकतची ठोकळी घ्यायची गरज नाही. सुतारकामातला सागवानाचा उरलेला तुकडा घ्या, त्यात करवतीने चेनच्या जाडीएवढी सरळ खाच पाडा, चेन तिच्यात उभी करा. खाचेच्या तळाशी पिन बाहेर पडायला एक भोक हवं, नाहीतर पिनेला जायला वाट नाही आणि तुम्ही लाकडावरच ठोकत बसाल. हातोडी अगदी हलकी, पितळी किंवा नायलॉनची. लोखंडी असेल तरी चालेल, पण हात हलका हवा. जमिनीवर नव्हे, पक्क्या टेबलावर काम करा. टेबलावर परात ठेवा, परातीत पांढरा टॉवेल, म्हणजे पडलेली पिन दिसते आणि घरंगळत नाही. काच आणि लॉकचा वरचा चकचकीत भाग आधीच कागदी चिकटपट्टीने झाकून घ्या. चेनचा एक फटका काचेला बसला की तो ओरखडा कायमचा राहतो.

ठोकताना पहिला धक्का जरा ठाम लागतो. पिन एकदा सुटली की पुढचं हलकं जातं. आवाजावरूनही कळतं. पिन अडकून आहे तोवर टण् असा कोरडा आवाज येतो, सुटली की तो मऊ होतो. दोन-तीन मिमी बाहेर आली की ठोकणं थांबवा आणि बारीक तोंडाच्या पकडीने सरळ ओढून काढा. वाकवून ओढू नका. एक कडी काढायला दोन पिना काढाव्या लागतात, कडीच्या दोन्ही बाजूंच्या. शेजारशेजारच्या दोन कड्या काढायच्या असल्या तरीही दोनच पिना. काढलेली प्रत्येक पिन ज्या दिशेने बाहेर आली तशीच टॉवेलवर मांडून ठेवा, चिरलेलं टोक कुठल्या बाजूला होतं ते लक्षात राहतं. मोबाइलवर आधीच एक फोटो काढून ठेवलात तर आणखी बरं.

कड्या कुठून काढायच्या? बाण असलेल्याच कड्या निघतात, बाकीच्यांच्या पिना कायमच्या बसवलेल्या असतात. लॉकला लागून असलेली कडी पुष्कळदा वेगळ्या आकाराची असते, तिला हात लावू नका, तिच्या पुढची काढा. दोन्ही बाजूंनी सारख्या काढायच्या. आकडा विषम असेल तर जादाची कडी सहाच्या आकड्याकडच्या बाजूने काढून बघा. घड्याळ घातल्यावर लॉक मनगटाच्या आतल्या बाजूला बरोबर मध्यावर यायला हवं. लॉक एका कडेला गेलं तर टेबलावर हात ठेवला की ते टोचतं. अण्णा लिहिणारे-वाचणारे आहेत, त्यांना हे लगेच जाणवेल. म्हणून पहिल्यांदा दोनच कड्या काढा, जोडा, घालून बघा. कमी काढून पुन्हा बसणं परवडतं.

जोडताना दिशा उलटी. पिन बाणाच्या अग्राकडून आत जाते, बाणाच्या उलट. आधी अखंड टोक आत, चिरलेलं टोक शेवटी. पहिला अर्धा भाग बोटानेच जायला हवा. सुरुवातीलाच अडकली तर कड्यांची भोकं एका रेषेत नाहीत. एखादी शिवणाची सुई भोकातून आरपार घालून ओळ जुळवा, मग पिन घाला. शेवटचा भाग हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी. कडेशी सपाट झाली की नखाने फिरवून बघा, नख कुठे अडकता कामा नये. मग त्या दोन कड्या धरून चांगल्या ओढा आणि बाजूने हलवा.

शेवटचा भागसुद्धा पिन बोटाने सहज गेली, तर थांबा. ती पिन दोन दिवसांत बाहेर सरकणार आणि घड्याळ रानात पडणार. चिरलेली पिन असेल तर चाकूचं पातं रेघेत हलकेच घालून पाकळ्या केसभर फाकवा. साधी पिन असेल तर नवी घ्या. तिची लांबी म्हणजे त्या ठिकाणची चेनची रुंदी, आणि जाडी जुन्या पिनेवरून व्हर्नियरने मोजून घ्या, 0.8, 0.9, 1 मिमी असे प्रकार मिळतात. फेविक्विक लावून पिन बसवायचा प्रकार मला बघवत नाही. ती पिन पुढे काढताना कडी जाते. आणि पिन सुटायचीच असेल तर डिंक तिला धरून ठेवत नाही, घामाने तो सुटतो.

आता नळीचं. सेइकोच्या बऱ्याच चेनांत, आणि इतरही काही जपानी घड्याळांत, पिन थेट कडीत घट्ट बसत नाही. मधल्या कडीत एक बारीक धातूची नळी असते, पिन त्या नळीत घट्ट बसते. पिन काढून कड्या वेगळ्या केल्या की ती नळी गुपचूप खाली पडते. दिसायला ती मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक. लोकांना कळतच नाही काही पडलंय. मग ते पिन परत घालतात, ती सहज जाते, त्यांना वाटतं काम छान झालं, आणि आठवड्यात चेन तुटते. माझ्याकडे येणाऱ्या तुटलेल्या चेनांत हे कारण फार मोठं आहे. म्हणून कड्या वेगळ्या करताना परातीवरच करा आणि दोन्ही टोकं टॉवेलवर झटका. नळी मिळाली की ती चिमट्याने मधल्या कडीच्या भोकात मध्यावर बसवा, दोन्ही बाजूंच्या कड्या जुळवा, पिन घाला. नळीला लागेपर्यंत पिन सहज जाईल, तिथून पुढे ती घट्ट लागली पाहिजे. तिथूनच हातोडी. काही चेनांत नळी मध्ये नसून एका कडेला असते. पहिली पिन काढल्याबरोबर बघा ती कुठून निघाली, आणि शंका असेल तर हात न लावलेल्या पुढच्या सांध्यावरून ताडून घ्या.

स्क्रूच्या चेनेबद्दल थोडक्यात, कारण तुमची ती नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाची असेल. पेचकसाचं पातं खाचेत पूर्ण भरलं पाहिजे, रुंदीनेही आणि जाडीनेही. बहुधा 1.2 ते 1.6 मिमीचं लागतं. लहान पातं खाचेची कड खातं आणि मग तो स्क्रू कुणालाच निघत नाही. कारखान्यात स्क्रूला बहुधा घट्ट धरणारं रसायन लावलेलं असतं. स्क्रू निघत नसेल तर त्या कडीवर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मिनिटभर द्या, रसायन मऊ पडतं. गरम हवा फक्त कडीवर, घड्याळ ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला धरा, आतली रबराची रिंग आणि बॅटरी तापू देऊ नका. पुन्हा बसवताना लोक्टाइटचं जांभळं, 222 क्रमांकाचं, टाचणीच्या टोकाएवढं लावा. लाल कधीही नको.

जाळीची चेन असेल तर तिला कडीच नसते. लॉकच्या मागचा पत्रा चपट्या पेचकसाने उचलायचा, लॉक जाळीवर सरकवायचं, पत्रा दाबायचा, संपलं. ताणून हातात घालायची जुनी स्प्रिंगची चेन मात्र घरी उघडू नका. तिच्या कड्या पत्र्याच्या पायांनी एकमेकांत अडकवलेल्या असतात आणि ते पाय दोनदा वाकवले की तुटतात. चिनीमातीसारख्या सिरॅमिकच्या कड्यांवर हातोडी म्हणजे तडा नक्की. सोन्याची चेन, महागड्या स्विस घड्याळाची चेन, किंवा पिन गंजून कडीशी एकजीव झालेली चेन, ही सगळी कामं दुकानाची. गंजलेल्या पिनेवर पातळ तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा, सकाळी हलक्या ठोक्याने निघाली तर ठीक, नाहीतर तिथेच सोडा.

आपल्या भागाचं एक वेगळं सांगायला हवं. तुमच्या घरी द्राक्षबाग आहे. बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना असतो, आणि फवारणी करताना ते मनगटावर उडतंच. मोरचूद स्टीलला आणि विशेषतः पिनांना चांगलं नाही. बेदाण्याच्या शेडवर काम असेल तर डिपिंग ऑइल, म्हणजे द्राक्षं वाळवण्याआधी बुडवतात ते तेल, आणि धूळ मिळून सांध्यांत एक चिकट थर बसतो. इकडे हळदीच्या पेठेत काम करणाऱ्यांच्या चेना पिवळ्या होतात, आणि हळदीची पूड घामाबरोबर कड्यांत घट्ट बसते. तसाच एक गृहस्थ माझ्याकडे आला, म्हणाला चेन आखडलीय, एक कडी वाढवून द्या. चेन टेबलावर ठेवली तर ती काठीसारखी ताठ उभी राहिली. मी ती कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासली. पाणी पिवळंजर्द झालं. सांधे मोकळे झाल्यावर तीच चेन त्याच्या मनगटावर सैलसर बसली, कडी वाढवावी लागली नाही. 2019 च्या पुरानंतरही तेच झालं. कृष्णेचा गाळ सुकून सांध्यांत असा बसला होता की पिना हातोडीनेही हलेनात, आणि धुतल्यावर निम्म्याहून जास्त आपोआप सुटल्या.

म्हणून जुनी चेन लहान करण्याआधी धुवा. शक्य असेल तर घड्याळापासून वेगळी करून. कोमट पाणी, भांड्याचा साबण थेंबभर, जुना मऊ टूथब्रश, आणि कड्या वाकवत वाकवत घासा. मागच्या झाकणावर 30 मीटर लिहिलंय म्हणून घड्याळ पाण्यात बुडवू नका, त्या आकड्याचा अर्थ हात धुताना उडणारं पाणी एवढाच धरा. अण्णांची चेन नवी आहे, तिला आत्ता धुण्याची गरज नाही. पण त्यांना सांगा, फवारणीला आणि डिपिंगला घड्याळ घरी ठेवून जायचं.

चेन लहान केल्यावर पहिले आठ-दहा दिवस रोज रात्री घड्याळ काढताना अंगठा चेनच्या दोन्ही कडांवरून फिरवायचा. पिन सरकायला लागली असेल तर ती आधी कडेबाहेर येते, अंगठ्याला टोचते. तेव्हाच दाबून बसवली तर घड्याळ वाचतं. तीच पिन पुन्हा बाहेर यायला लागली तर ती झिजलीय, नवी घ्या.

काढलेल्या कड्या आणि उरलेल्या पिना एका छोट्या प्लास्टिकच्या पुडीत घालून घड्याळाच्या डब्यात, हमीपत्राबरोबर ठेवा. दुकानात करून घेतलंत तरी त्या मागून घ्या, त्या तुमच्या आहेत. पुढे अण्णांचं वजन वाढलं, किंवा उद्या हे घड्याळ तुमच्या मुलाच्या हातावर गेलं, तर तशीच कडी दुसरीकडे मिळणं फार अवघड असतं. मॉडेल बंद झालं की कंपनीकडेही ती सापडत नाही.

तर तुमच्यासाठी क्रम असा. उद्या संध्याकाळी अण्णांचं माप घ्या. लॉकची पिन मधल्या भोकात आणा. भिंगातून चेनच्या दोन्ही कडा बघा आणि फोटो काढा. बाणाच्या शेपटीकडून, सरळ ठोकणीने, दोन्ही बाजूंची एकेक कडी काढा. नळी पडतेय का बघा. जोडा आणि अण्णांना दोन दिवस घालू द्या. फोटोतल्या रेघेवरून पिन आहे की स्क्रू हे ठरत नसेल तर ठोकायच्या आधी तो फोटो मला पाठवा, मी बघून सांगतो.